एक दिवस पुढे धावणारा धूमकेतू

माझ्या नाकावर राग असतो हे तंजावुरात, आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, सगळ्यांना ठाऊक आहे. आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलं, त्यामुळे चुकीचं उत्तर दिसलं की माझा पारा चढतो. म्हणून पुण्याहून "मॅडम, तुमच्या नोंदी जुळत नाहीत" असा निरोप आला, तेव्हा तो पाठवणाऱ्यालाच मी फैलावर घेतलं.

पाठवणारा एक तरुण होता. देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या धूमकेतूच्या नोंदी तो गोळा करायचा. माझ्या बारा दिवसांच्या नोंदी त्याच्याकडे गेल्या होत्या. प्रत्येक नोंदीत धूमकेतू गणिताने यायला हवा त्याच्या पुढेच दिसत होता. "डोळ्यांना त्रास वगैरे होतो का?" असं त्याने अदबीने विचारलं आणि माझ्या सगळ्या नोंदी वगळायची परवानगी मागितली.

त्याला ठाऊक नव्हतं, पण त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढून घ्या, असं डॉक्टर वर्षभर सांगत होते. मी ऐकलं नव्हतं. हा धूमकेतू पुन्हा कुणाच्या नातवंडा-पतवंडांनाही दिसणार नव्हता. डोळा काय, कधीही करता आला असता. दुर्बिणीतून तेज मोजण्यात मला कुणी हरवू शकत नाही, असा माझा दावा होता. तो खोटा ठरला तर माझ्याजवळ काय उरतं, ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती. यजमानांनाही नाही.

त्या बारा दिवसांत आम्ही दोघं पहाटे मोपेडवरून शहराबाहेर जायचो. कुरुवै म्हणजे पहिल्या हंगामाच्या भाताची कापणी चालू होती, अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं असायचं आणि यजमान ते चुकवत चुकवत मोपेड हाकायचे. कालव्याच्या बांधावर पूर्वेचं आकाश मोकळं मिळतं. मी दोन डोळ्यांच्या दुर्बिणीचं चाक फिरवून चित्र मुद्दाम जरा धूसर करायची, म्हणजे शेजारचे तारे फुगून धूमकेतूच्या डोक्याएवढे दिसतात. मग कुठला त्याच्याहून उजळ, कुठला मंद, ते ठरवून तेजाचा आकडा, म्हणजे प्रत, काढायचा. आकडा जितका मोठा तितकं तेज कमी. अंधाराला सरावलेले डोळे उजेडाने बिघडू नयेत म्हणून मी वहीकडे बघायचीच नाही. मी सांगायची आणि हे लिहायचे, लाल कागद लावलेल्या टॉर्चखाली. नकाशावर जागेची खूण तेवढी शेवटी मी करायची. घरी आल्यावर भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ लावायची आणि नोंद पाठवून द्यायची. पहाटेचे पाच म्हणजे जागतिक वेळेने आदल्या रात्रीचे साडेअकरा, हे मला झोपेतही येतं.

धूमकेतू सूर्यामागे गेला, पहाटेचा दिसेनासा झाला आणि मला वाद घालायला फुरसत मिळाली. मी सगळे फरक एका कागदावर मांडले. पहिल्या दिवसांत फरक लहान, पुढे पुढे मोठा. तेव्हा मला हसू यायला लागलं. डोळ्याची चूक अशी शिस्तीत वाढत नाही. धूमकेतू जसजसा वेगात आला तसतसा फरकही वाढला होता आणि दर वेळी तो बरोबर एका दिवसाच्या वाटचालीएवढा होता. चूक जागेत नव्हती, तारखेत होती.

"तारीख कुठली लिहीत होता तुम्ही?" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

"कुठली म्हणजे? कॅलेंडरावर होती ती."

आमच्याकडे भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं. पान हे फाडतात, तेही सूर्य उगवल्यावर, स्नान करून. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. सूर्योदयाआधी दिवस बदलत नाही, मग तारीख तरी कशी बदलेल? पहाटे निघताना भिंतीवरची तारीख बघून ते वहीत लिहीत. म्हणजे एक दिवस जागतिक वेळेने मागे नेला आणि दुसरा आमच्या भिंतीने.

"उभं आयुष्य नोंदणी कचेरीत काढलंत आणि तारीख चुकलात?"

"कचेरी दहाला उघडायची," हे आपल्या तंजावुरी मराठीत शांतपणे म्हणाले. "तोवर पान फाडलेलं असायचं की. कसाला ओरडतीस?"

मी बाराही तारखा सुधारून पाठवल्या. तासाभरात पुण्याहून उत्तर आलं की सगळ्या जागा चपखल बसल्या, नोंदी राहतील, माफ करा मॅडम. त्या दिवशी मी गल्लीत भेटेल त्याला थांबवून हे ऐकवलं.

तेजाचा आलेख मी दुसऱ्या दिवशी काढला. आता तारखा बरोबर होत्या, तेव्हा माझे आकडे इतरांच्या आकड्यांशी मिळायला हवे होते. पहिले आठ मिळाले. शेवटचे चार मिळाले नाहीत. इतरांना धूमकेतू भराभर उजळताना दिसला होता, मला जेमतेम. अर्ध्या प्रतीहून जास्त फरक होता. मी जिन्यात उभी राहून एकेक डोळा झाकला आणि समोरच्या दुकानातला दिवा बघितला. उजव्याला दिवा दिसला. डाव्याला दिव्याभोवती पिठासारखं काहीतरी पसरलेलं दिसलं. तारा हा ठिपका, तो त्यातूनही टिकतो. धूमकेतूचं पसरट अंग त्यात विरून जातं, त्यातून शेवटच्या दिवसांत तो उजाडत्या क्षितिजाला टेकला होता.

पुण्याच्या मुलाने त्या चार आकड्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नुकतीच माफी मागितल्यावर कोण विचारणार? मी गप्प बसले असते तर ते तसेच राहिले असते. मीच लिहून कळवलं: शेवटचे चार तेजाचे आकडे काढून टाका, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, जागा मात्र बरोबर आहेत. चुकीचं उत्तर माझं असलं म्हणून मी ते फळ्यावर ठेवणाऱ्यांतली नाही.

मग धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला आला. सुरुवातीला तो सगळ्यांनाच दिसला, दुर्बिणीशिवाय, शेपटीसकट. हळूहळू मंदावला. मधे आठवडाभर ढग आले. आकाश उघडलं त्या संध्याकाळी आम्ही बांधावर गेलो. मी नकाशाप्रमाणे दुर्बीण नेमकी जागेवर लावली. तारे होते. बाकी काही नव्हतं.

"गेला वाटतं," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्या हातातून दुर्बीण घेतली. "अहे की. त्या दोन ताऱ्यांच्या वरती. कापसासारखा."

मी पुन्हा बघितलं. डावा डोळा मिटून बघितलं. उजवाही म्हातारा झालेला, एवढं मंद त्याला दिसलं नाही. मी दुर्बीण परत त्यांच्या हातात दिली.

"तेज सांगा."

"मज काय कळतंय त्यातलं?"

"सगळं कळतं. इतके दिवस मी बोलत होते ते लिहिलंत ना? चाक फिरवा, तारे फुगू देत. आता बघा, खालच्याहून उजळ का मंद?"

ते बराच वेळ बघत राहिले. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. त्यांना कसलीच घाई नसते. मग सावकाश म्हणाले, "खालच्याहून मंद. वरच्याहून उजळ. वरच्याच्या जास्त जवळ."

मी नकाशावरचे ताऱ्यांचे आकडे पाहून तेज काढलं आणि वहीत लिहिलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली. निरीक्षकाच्या रकान्यात आजवर माझंच नाव असायचं. या वेळी मी तिथे त्यांचं नाव घातलं.