वाफसा म्हणजे वाफ नव्हे

मला राग पटकन येतो आणि सावकाश जातो. हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट माझ्या रागानेच सुरू झाली, आणि तो राग चुकीच्या माणसावर निघाला होता.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही नाशिक रोडला राहायचो. मी एका रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायचे. रस्त्याचा उतार, गटार, मोरी, खडीचे थर, दिवसभर हेच. नवरा बँकेत होता. आमचा एक मित्र कॉलनीच्या नाक्यावर मेडिकल चालवायचा. तिघांनी एका उन्हाळ्यात गिअरच्या सायकली घेतल्या, जाड खाचांच्या टायरच्या, आणि दर रविवारी डोंगर गाठायला लागलो. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "अहो, तुमच्याकडे स्कूटर आहे ना?" मी म्हणायचे, "आहे, पण आम्हाला जरा चाकोरीबाहेर जायचंय." असली वाक्यं मला तेव्हा फार सुचायची.

त्र्यंबक रोडवर एका फाट्याला चहाची टपरी होती. तिथून डावीकडे कच्चा रस्ता लागायचा आणि एका पाड्याच्या मागून डोंगरावर पायवाट चढायची. पाड्यातली माणसं त्या वाटेने गुरं न्यायची, वरच्या माळावर नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीक घ्यायची. आम्ही सायकली ढकलत वर न्यायचो आणि सुसाट खाली यायचो. पावसाळ्यात तर आमच्या उत्साहाला ऊतच यायचा. चिखल उडवायचा, वळणावर ब्रेक दाबून मागचं चाक घसरवायचं, आणि घरी येऊन पार्किंगमध्ये सायकली धुवायच्या. जितका चिखल अंगावर, तितका रविवार चांगला गेला, अशी आमची समजूत होती.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीला चार दिवस मुसळधार पाऊस झाला. रविवारी उघडीप मिळाली तसे आम्ही निघालो. चढताना वाट मोकळी होती. वरून खाली येताना शेवटच्या वळणाच्या जरा आधी, एका जांभळीपाशी, वाटेवर करवंदीच्या आणि बोरीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. वरून दगडही ठेवले होते, म्हणजे वाऱ्याने आल्या असं म्हणायची सोय नव्हती. मेडिकलवाला पुढे होता, तो थेट त्यातच शिरला. त्याच्यामागे मी. दोघांचे मिळून चार टायर एकदम सुस्कारले.

माझा पारा चढला. नवरा "अगं थांब" म्हणेपर्यंत मी सायकल आडवी टाकून उतरले होते. खाली भाताच्या खाचरात एक बाई वाकून काहीतरी वेचत होती.

"ओ ताई! वाटेवर काटे तुम्ही टाकले का?"

ती उठली आणि तिने चिखलाचे हात कमरेवर ठेवले. माझ्याच वयाची असेल, तिशी-पस्तिशीची.

"म्या टाकले," ती म्हणाली. "कमी पडले का?"

"वाट काय तुमच्या एकटीची आहे?"

"नाय. पन तुमची कवा झाली?" तिने हाताने बोलावलं. "हिकडं या ताई. आधी बघा, मंग भांडा."

मी बांधावर गेले. आठ दिवसांपूर्वी लावलेलं भात होतं ते. अर्ध्या खाचरावर लाल मुरुमाचा आणि दगडगोट्यांचा थर बसला होता. त्यातून रोपांचे फक्त शेंडे दिसत होते. मुरूम कुठून आला ते विचारायची गरज नव्हती. वाट सरळ वरपर्यंत दिसत होती आणि तिच्या मधोमध आमच्या टायरांनी पाडलेला वीतभर खोल चर होता.

"आधी पानी ही वाट वलांडून जायाचं," ती म्हणाली. "वाटंवरून येत नव्हतं. तुमी चाकं घालून तिची पन्हाळ केली. आता डोंगराचं समदं पानी माझ्या खाचरात."

मग तिने जे सांगितलं ते रडत नाही, भांडतही नाही, नुसतं सांगितलं. नवऱ्याने टाकल्यावर ती माहेरी आली होती. दरवर्षी दिवाळीनंतर पाड्यातल्या इतर माणसांबरोबर ट्रकात बसून द्राक्षबागांच्या मजुरीला जायची, ते थेट होळीलाच परत. तितके महिने बागेच्या कडेला प्लास्टिकच्या पालात राहायचं. यंदा भावाने तिला हे एक खाचर कसायला दिलं होतं.

"ह्याचं भात घरात आलं तं औंदा मला ट्रकात बसावं लागत नाय. नाय आलं तं बसायचं. येवढंच हाय."

चाकोरीबाहेर निघालेले आम्ही, डोंगरावर जाऊन चाकोरी पाडून आलो होतो, आणि तिच्यातून कुणाचं तरी वर्षाचं भात वाहून चाललं होतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. पण लाज वाटली की मी गप्प बसत नाही, उलट जास्त बोलते. मी म्हटलं, "आम्ही वाट दुरुस्त करून देतो. मी रस्त्यांचीच ड्रॉइंग काढते."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "करा," ती म्हणाली. "पन वाफसा आल्याबिगर वाटंवर चाक घालू नका."

वाफसा हा शब्द मी रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात ऐकला होता. स्वयंपाक करताना कानावर पडायचा: वाफसा आल्यावर पेरणी करावी, वाफसा पाहून कोळपणी करावी. अर्थ कधी कुणाला विचारला नव्हता. वाफसा म्हणजे वाफ, इतकं मराठी आपल्याला येतं, अशी माझी खात्री होती. त्यामुळे तिलाही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही छोट्या टेम्पोत मुरुमाची पोती आणि सायकली घालून गेलो. साहेबांना विचारूनच साइटवरून आणली होती. खाचरवाली ताई आठवड्याच्या बाजाराला गेली होती, पाड्यात फारसं कुणी नव्हतं. खड्डा दिसला की मुरूम टाकायचा, हे तर आमच्या शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही तो अख्खा चर भरून काढला. तेवढ्यात ढग पांगले, लख्ख ऊन पडलं आणि समोरचा सगळा डोंगर वाफाळायला लागला. मातीतून, गवतातून, दगडांवरून वाफा निघत होत्या.

"आला की वाफसा!" मी ओरडले.

मुरूम बसवायला रोलर लागतो. आमच्याकडे सायकली होत्या. दहा-बारा वेळा वर-खाली करून आम्ही तो छान दाबून काढला आणि समाधानाने घरी गेलो. वाटेत मिसळही खाल्ली.

मंगळवारी पाऊस कोसळला. त्यानंतरच्या रविवारी गेलो तेव्हा आमचा सगळा मुरूम खाचरात होता आणि वाटेवरचा चर गुडघाभर झाला होता. ती पाटीत दगड भरून बांधावर टाकत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पण वाफसा आला होता!" मी रडवेली होऊन म्हटलं.

"कवा?"

"रविवारी. डोंगरातून केवढी वाफ निघत होती!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिच्या हातातली पाटी खाली गेली आणि ती हसायला लागली. हसता हसता बांधावर बसली, पदराने डोळे पुसले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसली. माझा नवराही तोंड फिरवून हसत होता, ते मला त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. मला राग यायला हवा होता. पण नाही आला. इतकं नुकसान होऊनही तिला हसू आलं, याचंच बरं वाटलं.

मग तिने शिकवलं. वाटेच्या कडेची मूठभर माती घेतली, लाडू वळला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकला. तो पचकन बसला, फुटला नाही. "ह्यो वाफसा नाय. लाडू फुटला का वाफसा. वल हाय पन चिकटत नाय, पाय ठिवला तं रुतत नाय, तवा रानात शिरायचं. चिखल भाताला लागतो ताई, वाटंला नाय."

त्या दिवशी आम्ही सायकलींना हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत तिघांनी तिच्याबरोबर खाचरातला मुरूम उपसला. भावाकडे उरलेली रोपं आणून तिने गाडली गेलेली जागा पुन्हा लावली. "आता रोप शिल्लक नाय," ती म्हणाली. "आता गेलं तं गेलं."

वाट कशी दुरुस्त करायची, ते या खेपेला मी विचारलं. तिचं उत्तर सोपं होतं. "पाऊस पडताना या. सायकली घरी ठेवा. पानी बघाया या."

बुधवारी आम्ही रजा टाकली, एसटीने फाट्यावर उतरलो आणि भर पावसात वाट चढलो. ती डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन पुढे, मी उलटी झालेली छत्री सावरत मागे. वाटेवरचं पाणी जिथवर चालत होतं तिथवर ती काही बोलायची नाही. जिथे ते पळायला लागायचं तिथे थांबून कडेला दगड ठेवायची. "पळाया लागलं का कोनाचं ऐकत नाय. त्याच्या आधी बाजूला काढायचं." मी बारा वर्षं कागदावर पाण्याचे उतार काढत होते. पण पाणी चालायचं थांबून पळायला लागतं, ती जागा डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती.

तिने दहा दगड ठेवले. अकरावा मी ठेवला, जांभळीपाशी, वळणाच्या बाहेरच्या कडेला. ती म्हणाली, "हितं पानी पळत नाय." मी म्हटलं, "आज नाही पळत. जास्त आलं तर इथूनच बाहेर उडी मारेल." ड्रॉइंगमधलं मला तेवढं नक्की माहीत होतं. तिने खांदे उडवले, पण दगड काढला नाही.

पाऊस ओसरल्यावर प्रत्येक दगडापाशी आम्ही वाटेला तिरपा, आडवा चर काढला. त्याच्या खालच्या अंगाला मोठे दगड घट्ट बसवले आणि तोंड गवतात सोडलं. तीन दिवस लागले, तेही वेगवेगळ्या आठवड्यांत. मेडिकलवाल्याच्या हाताला फोड आले, तेव्हा त्याच्याच दुकानातलं मलम त्याला लावताना आम्ही खूप चिडवलं. मधल्या जुन्या चाकोरीतही तिने जागोजागी दगड रचले, म्हणजे गाळ तिथेच अडावा.

आणि मग सप्टेंबरच्या सुरुवातीला तो पाऊस आला. धरणातून पाणी सोडलं, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडाला, पंचवटीच्या भाजीबाजारात पाणी शिरलं. ऑफिसात सगळे पूर बघायला जायच्या गप्पा मारत होते. माझं लक्ष नव्हतं. मला फक्त एक खाचर दिसत होतं. फाट्यावरच्या टपरीवर एक रुपयाचा फोन होता, तो लावून लावून बोट दुखलं, पण लागेना. नवरा म्हणाला, "तू इतकी काळजी माझ्या ऑपरेशनच्या वेळी केली नव्हतीस." मी म्हटलं, "तुझा अपेंडिक्स मी बिघडवला नव्हता."

तिसऱ्या दिवशी एसटी सुरू झाली. फाट्यापासून आम्ही चालत निघालो. पाड्याच्या मागे वळलो आणि मी नवऱ्याचा हात धरला, कारण पुढे बघायची हिंमत होत नव्हती.

भात उभं होतं. एका कोपऱ्यात थोडी माती आली होती, बाकी सगळं हिरवंगार, पाण्यात उभं. मी तिथेच बांधावर बसून रडले. आनंदाने इतकं रडू येतं हे मला तोवर ऐकूनच माहीत होतं.

ती वरून कुदळ घेऊन उतरत होती. चरांची तोंडं पाल्याने बुजली होती, ती मोकळी करत आली होती.

"तुमचं काम लय कच्चं," ती म्हणाली. "तीन चर फुटले. रडता कशाला? दगड नीट बशिवले नव्हते तुमी." मग जांभळीकडे हात केला. "पन ती तुमची जागा बरोबर निघाली. समदं पानी तिथनं भायेर पडलं. ती नसती तं..."

माझ्या ड्रॉइंगचं इतकं कौतुक ऑफिसात कधी झालं नाही.

त्यानंतर आमचा नियम झाला. दर शनिवारी दुपारी टपरीवर फोन करायचा आणि विचारायचं, "वाफसा आला का?" टपरीवाला दुकानामागे जाऊन लाडू टाकून यायचा. "नाय फुटला," म्हणाला की आम्ही डांबरी रस्त्याने जायचो. हळूहळू शहरातून सायकली घेऊन येणारे आणखीही काही जण त्याच्याकडे विचारायला लागले. काही ऐकायचे, काही नाही. जे ऐकायचे नाहीत त्यांच्याशी भांडायला मी होतेच. वैशाखात चर साफ करायला मात्र बरेच जण यायला लागले, आणि ती वाट आजही वाटच आहे, तिची घळ झाली नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही फाट्यावर चहा प्यायला थांबलो होतो. मजुरांचा ट्रक उभा होता. पाड्यातली माणसं भांडी, गोधड्या, कोंबड्या वर चढवत होती. गर्दीत ती दिसली तसा मी हातातला कप खाली ठेवला. भात झालं होतं हे मला माहीत होतं, पण किती झालं आणि कितीसं पुरणार, ते विचारायची माझी छाती झाली नव्हती.

ती आपल्या भावजयीला बोचकं वर देत होती. ते देऊन झाल्यावर मागे सरकली. ट्रक सुरू झाला, वरून हात हलले, तिनेही हलवला. धूळ खाली बसली तरी ती रस्त्याच्या कडेलाच उभी होती. मग तिचं लक्ष आमच्याकडे गेलं.

"या ना ताई, चहा घ्या," मी म्हटलं.

"आता नको," ती म्हणाली आणि निघालीसुद्धा. "चुलीवर भात ठिवून आल्ये. करपंल."