भाजी निवडणारे हात

वरच्या खोलीत ठेवलेली भाडेकरू इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. नागपूरकडची, एकटी. सकाळी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब खांद्यावर घेऊन तलावाकडे जायची. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायकांनी विचारलं, पोट्टी काय बुडवून राहिली? मी तिलाच विचारायचं ठरवलं. माझा मुलगा सिलतऱ्याला कारखान्यात जाता जाता म्हणाला, "अम्मा, रहने दो ना." पण घर माझं आहे.

मी तिला जिन्यातच अडवलं. तिनं चादर सोडून दाखवलं. हातभर पाणबुडी होती, मागे पंखा. खरी पाणबुडी समुद्रात कशी वळेल, ते आधी या छोटीवर पाहायचं, म्हणाली.

"चालवते कोण?"

"कोणीच नाही, आजी. आधी सांगून ठेवायचं, मग ती स्वतःच जाते."

"खोटं बोलणारी माझ्या घरात राहत नाही. मी येतो पाहाले. रिमोट दिसला तर खोली खाली कर."

मी मेथीची जुडी सोबत घेतली. घाटावर पाणबुडी पाण्यात सोडून झाली, तशी पोरीला शेजारी बसवलं आणि जुडी तिच्या मांडीत टाकली. "निवड. दोन्ही हात मले दिसले पाहिजे."

पाणबुडी बुडाली. हरवू नये म्हणून तिला दोरीनं थर्माकोलचा लाल तुकडा बांधला होता, तो पाण्यावरून सरकू लागला. सरळ गेला, डावीकडे मोठा गोल घेतला. माझी नजर तिच्या बोटांवर. बोटं पानं खुडत होती.

मग तुकडा थांबला. तलावाच्या तळाला विसर्जनाच्या मूर्तींचे पेंढ्याचे सांगाडे पडलेले असतात, हे तिला कुठलं ठाऊक. तिचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणी आलं, हातातली मेथी तशीच. चालवणारी असती, तर आता हात हललेच असते. तेव्हा मला पटलं.

थोड्या वेळानं पाणबुडी नाक वर करून आली. अंगाला पेंढा, सुतळी. अडकली तर पोटातलं शिसं टाकून वर ये, हेही पाणबुडीला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे.

"मंग रडून काहून राहिली होती?"

"सांगितलं होतं, आजी. ऐकेल की नाही, ते माहीत नव्हतं."

खोली तिच्याकडे राहू दिली. पाणबुडी मात्र खाली ओसरीत, माझ्या खाटेसमोर ठेवायला लावली. कोणी न चालवता चालणारी वस्तू मी डोक्यावर ठेवून झोपत नाही.