दुसरं रोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही बाबांना ओळखत नव्हता. ओळखत असता तर माझी जीभ रेटली नसती.

बाबा म्हणजे माझे सासरे. कारखान्यातून रिटायर झालेले, कमी बोलणारे. अंबरनाथ पश्चिमेला आमची तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, आणि मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत थोडी मोकळी माती. ती माती बाबांची. त्यांनी काहीही खोचावं आणि ते वर यावं — शेवगा, पपई, कढीपत्ता. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, "बाबांच्या हाताला यश आहे." बाबा न ऐकल्यासारखं करायचे. पण त्या दिवशी एक चहा जास्त मागायचे.

दोन हजार चारच्या आसपास त्यांच्या कारखान्यातल्या एका केरळी मित्रानं गावाहून येताना पॅशन फ्रूटचं रोप आणून दिलं. जांभळ्या फळांचं आहे म्हणाला. बाबांनी ते भिंतीकडेला लावलं, आणि नेमकी त्याच सुमारास माझी आई पालेगावला भावाकडे घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी बाबांना म्हटलं, आईला थोडे महिने इकडे आणू.

"आणायला हरकत नाही गं," बाबा म्हणाले, "पण ठेवणार कुठं?"

"मागे पत्रे टाकून खोली करता येईल."

त्यांनी मागे बघितलं. "तिथं वेलीचा मांडव घालायचाय."

बस, एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही त्यांचा. नवरा पेपरात डोकं घालून बसला. मी तेव्हा भांडले असते तर? — पण मी भांडले नाही. मनात ठेवलं. मनात ठेवलेलं आंबतं, हे काय मला माहीत नव्हतं?

वेल फोफावली. मांडव भरला, माझ्या कपड्यांच्या दोऱ्या गेल्या. पुढच्या वर्षी फुलं आली, पांढरी, मधे जांभळ्या तंतूंची. सगळी बिल्डिंग बघायला आली. कुणी म्हणालं, "अय्या, कृष्णकमळ!" तर बाबा समजावायचे, "त्याचीच बहीण. पण हिला खायचं फळ धरतं."

धरलं नाही. फुलं दुपारी उमलायची, संध्याकाळी मिटायची, आणि मग गळायची. बाबांनी राख घातली, शेणखत घातलं, ताक ओतलं. मग माझ्या मुलीचा चित्रकलेचा ब्रश घेतला. रविवारी मला सुट्टी असायची, तेव्हा दिसायचं — भर दुपारी स्टुलावर चढून एका फुलातला पराग दुसऱ्या फुलाला लावतायत. हात थोडा थरथरायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. सुरुवातीला मलाही कीव यायची, खरंच सांगते.

मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये रेडिमेड कपड्यांच्या एका कारखान्यात कामाला होते. मालकीणबाईंना सगळे भाभी म्हणायचे. वर गच्चीवर त्यांचा असाच मांडव होता, पिवळ्या फळांनी लगडलेला. एकदा डबा खाताना मी आमच्या वेलीचं बोलले.

"फूल सुबह खुलता है या दोपहर को?" भाभींनी विचारलं.

"दोपहर को."

"और नई टहनी? वो जो धागे जैसा लपेटता है — हरा है या लाल?"

मी आठवून पाहिलं. "लालसर."

"तो पीलावाला है. जामुनी का धागा हरा होता है, फूल सुबह खुलता है. और वो तो इधर की गरमी में ठीक से होता भी नहीं." त्या हसल्या. "पीला अकेला फल नहीं देता. उसका अपना पराग उसको लगता ही नहीं. दूसरी बेल चाहिए, दूसरे बीज की."

आणि निघताना त्यांनी पिशवीतलं एक रोप माझ्या हातात दिलं. "ससुरजी को बोलना, इसको बाजू में लगाओ."

रिक्षात ते रोप माझ्या मांडीवर होतं. बाबांचा चेहरा कसा उजळेल, ते मला स्पष्ट दिसत होतं. आणि त्यामागून दिसत होतं — आणखी एक वेल, आणखी एक मांडव, आणि तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसलेली आई. स्टेशनजवळ उतरले. एका बंद दुकानाच्या पायरीवर पिशवी ठेवली. आजूबाजूला बघितलं — होय, चोरासारखं बघितलं — आणि घरी गेले.

इथंच थांबले असते, तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याच आठवड्यात बाबा आत आले, ब्रश धुवायला. नळाखाली धरून उभे राहिले आणि म्हणाले, "माझंच काही चुकतंय का गं?"

मला उत्तर माहीत होतं. एका वाक्याचं होतं.

मी म्हटलं, "वयाप्रमाणे होतंच, बाबा. हात पहिल्यासारखा राहत नाही."

त्यांनी नळ बंद केला. ओल्या हातांकडे बघितलं. "खरंय," म्हणाले.

पावसाळ्याआधी त्यांनी वेल स्वतःच मुळापासून काढली. मांडवाचे बांबू सोडवले आणि मला म्हणाले, "पत्रे टाकून घ्या. आईला आण तुझ्या. माझ्या वेडापायी अडलीस तू."

आई आली. बाबांनी स्वतःची खाट तिला दिली, आपण खाली गादी घातली. सकाळी तिच्यासाठी चहा घेऊन जायचे, काठी धरून तिला अंगणातून चालवायचे. आई म्हणायची, "सोन्यासारखा माणूस मिळालाय तुला सासरा म्हणून." मी भाजी चिरत राहायचे.

आई चालायला लागली आणि पालेगावला परत गेली. पत्र्याची खोली रिकामी झाली. तेव्हा सांगता आलं असतं. भाभींची गच्ची होती, रोपं होती, बाबांचे हातपाय धड होते. मी काय जपत होते? त्यांच्या नजरेतली मी — दुसरं काही नाही.

बाबांनी नंतर काहीच लावलं नाही. पपई वादळात पडली, तिच्या जागी दुसरी आली नाही. कुणी कढीपत्त्याचं रोप मागायला आलं, तर म्हणायचे, "दुसऱ्या कुणाकडून न्या. माझ्या हाताला आता यश नाही राहिलं."

हे ते अगदी साधेपणानं सांगायचे, शेवटच्या वर्षापर्यंत. बऱ्याचदा मी तिथंच असायचे, दारात. मी ऐकायचे, आणि आत जाऊन चहा ठेवायचे.