डोंगेवाल्याला दिलेला शब्द

सिनेमा पाहताना ते पडद्याकडे पाठ करून बसत. साकोलीच्या बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला आणि ते गावात असले, की पडद्याच्या खांबाशी एक लोखंडी खुर्ची ठेवायला सांगत, तिचे तोंड लोकांकडे फिरवत आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहत. तंबूवाल्याला हे गृहस्थ कोण ते ठाऊक होते, म्हणून तो काही बोलत नसे. ज्यांना ठाऊक नव्हते ते बोलत. एकदा पुढच्या रांगेत पोत्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "काहून गा भाऊ, सिनेमावर नाराज आहेस का?"

"नाही जी बाबाजी. सिनेमा माहाच आहे. तुमी कवा भेता, थे पाहून राहिलो."

म्हातारा म्हणाला, "मी कायले भेतो?" आणि पाच मिनिटांत शेजाऱ्याचा हात धरून बसला.

वाचकांपैकी जे आज उतारवयात आहेत त्यांनी या गृहस्थांनी दिग्दर्शित केलेला एखादा तरी रहस्यपट पाहिला असणार. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील. त्यांच्या निधनानंतर एका दैनिकाने त्यांच्या चित्रपटांचे भरघोस कौतुक केले आणि शेवटी लिहिले, की कारकीर्द ऐन भरात असताना त्यांनी अज्ञात कारणाने चित्रपटसृष्टी सोडली. मी संपादकांना पत्र पाठवले. ते छापले गेले नाही. दुसरे पाठवले, तेव्हा जागेच्या अभावी क्षमस्व, असे उत्तर आले. 'अज्ञात' हा शब्द छापण्यास ज्यांच्याकडे जागा असते, त्यांच्याकडे ज्ञात कारण छापण्यास ती नसते, हे मला आजही सहन होत नाही. म्हणून हा मजकूर.

मी त्या काळात साकोलीस वकिली करीत होतो. ते मूळचे पवनी तालुक्यातील आसगावचे, धान पिकवणाऱ्या घरातले. परंतु त्यांची बहीण साकोलीला दिलेली होती आणि मुंबईहून आले की त्यांचा मुक्काम तिच्याकडे असे. तिच्या अंगणाच्या हद्दीचा एक वाद माझ्याकडे होता, त्या निमित्ताने आमची ओळख झाली. बांधावरून तासभर चाललेले माझे विवेचन त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "वकीलसाहेब, तुमी बोलत असताना शेजारी कोनाकडं पाहत होता?" मला ते सांगता आले नाही. त्यांना आले. शेजारी सारा वेळ स्वतःच्या मुलाकडे पाहत होता, आणि वाद मुलाने लावलेला होता. त्या मुलाशी बोलल्यावर दावा दाखल करण्याची वेळच आली नाही.

त्यांच्या चित्रपटांत धावपळ फारशी नसे. बंद दार, शिजत ठेवलेला भात, पायऱ्यांवर कोणाची तरी वाट पाहणारी बाई, एवढ्यावर ते माणसाला खुर्चीच्या कडेला आणून बसवीत. ही विद्या कोठे शिकलात, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आमच्या तळ्याच्या पाळीवर. भरल्या पावसाळ्यात सगळं गाव पाळीवर बसून पाण्याकडं पाहत राहे. पाळ फुटली तर धान गेलं. बहुतेक वर्षी काहीच झालं नाही. पण ते पाहणं मी विसरलो नाही."

चित्रपटाचा शेवट मात्र ते कोणालाही आधी सांगत नसत. काम करणाऱ्या नटांना शेवटची पाने चित्रीकरणाच्या सकाळी मिळत. बहीण रुसून म्हणे, "भाऊ, मले तं सांग. मी काय दवंडी पिटनार आहो?" त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर असे: "तिकीट काढ बाई, तिकीट." आणि तिकिटाचे पैसेही तेच तिच्या हातावर ठेवीत.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक चित्रपट आपल्या भागात घेण्याचे ठरवले. काही भाग आंबागडच्या किल्ल्याखाली झाला, बराचसा साकोलीजवळच्या एका मोठ्या तळ्यावर. कथा अशी, की गावच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, खून होतो आणि संशय तळ्यावर डोंगा, म्हणजे लहानशी होडी, चालवणाऱ्या ढिवरावर येतो. या ढिवराच्या कामासाठी त्यांना मुंबईचा नट नको होता. त्या तळ्यावर मासे धरणारा आणि शिंगाड्याचे वेल लावणारा सुकरू नावाचा खराच ढिवर त्यांनी निवडला.

सुकरू तयार होईना. त्याची अडचण बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल, परंतु आपल्याकडच्या माणसाला वाटणार नाही. आपल्या गावांत मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात जो जे सोंग घेतो ते त्याला जन्मभर चिकटते. एकदा ठाणेदार झालेला माणूस मरेपर्यंत ठाणेदार, आणि त्याचा नातू ठाणेदाराचा नातू. माझ्या एका पक्षकाराला गाव 'कंस' म्हणत असे, आणि त्याचे खरे नाव समन्स बजावणाऱ्या बेलिफाला तीन घरे विचारूनही कळले नव्हते.

माझ्या ओसरीवर करारावर अंगठा करायच्या आधी सुकरूने विचारले, "साहेब, खुनी मी तं नाही ना? माही रुखमा लग्नाची आहे जी."

दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्या जवळ सरकले. "सुकरू, मी माहा शेवट आजपावेतो कोनाले सांगतला नाही. तुले सांगतो. मालगुजाराच्या सख्ख्या भावानं त्याले मारलं. तू फक्त डोंगा वल्हवतेस. थो डोंगा काठाले लागते, भाऊ उतरते, तू त्याच्या तोंडाकडं पाहतेस आनि सिनेमा सरते. तू निर्दोष आहेस. हा माहा शब्द."

सुकरूने अंगठा केला.

तो करार मी नंतर वाचला. आधी वाचण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्यात कोणाचाही वकील नव्हतो. सुकरूच्या करारात त्याने आपल्या छबीच्या कोणत्याही वापरास संमती दिलेली होती. दिग्दर्शकांच्या स्वतःच्या करारात अंतिम संकलनाचा सर्व अधिकार निर्मात्याचा होता. असली कलमे नेहमी पानाच्या तळाशी आणि सर्वांत बारीक अक्षरांत का छापतात, याविषयी मी कायदामंत्र्यांना लिहिले होते. विषयाची नोंद घेतल्याचे उत्तर आले.

मालगुजाराच्या भावाचे काम करणारा नट त्या वर्षभरात मोठा नायक झाला. खुनी म्हणून पडद्यावर दिसण्यास त्याने नकार दिला. निर्मात्याने दिग्दर्शकांस न कळवता मुंबईत एक रीळ नव्याने घेतले. त्यात धोतर-मुंडासे घातलेला एक पाठमोरा माणूस कुऱ्हाड घेऊन वाड्यात शिरतो, आणि पुढे पोलीस खुनी सापडला म्हणून सुकरूच्या झोपडीला टाळे लावतात. चित्रपट देशभर चालला. साकोलीच्या तंबूत तो लागला तेव्हा सुकरू घरच्यांना घेऊन, धुतलेला सदरा घालून पाहायला आला होता.

दुसऱ्या सकाळी तो माझ्याकडे आला. ओसरीवर बसला. मग म्हणाला, "वकीलसाहेब, थे पाठ माही नोहोय."

महिन्याभरात त्याचे नाव 'खुनी' पडले. आधी पोरे म्हणत, मग बाजारात मासे घेणाऱ्या बाया. "खुन्याच्या टोपलीतली मासोळी ताजी रायते व," असे एकमेकींना सांगत. त्यात दुष्टावा नव्हता, सवय होती, आणि म्हणूनच त्यावर इलाज नव्हता. रुखमाची सोयरीक जवळच्या एका गावी ठरत आलेली होती. मुलाच्या आजोबांनी निरोप पाठवला, की पोरगी चांगली आहे, पण लोक तिला खुन्याची लेक म्हणतील आणि तिच्या पोरांना खुन्याचे नातू. त्यांनी तेवढेच सांगितले, आणि ते खोटे नव्हते.

मी सुकरूच्या वतीने भंडाऱ्याच्या न्यायालयात मनाई हुकूम मागितला. तो मिळाला नाही. पात्र काल्पनिक आहे आणि वादीने लेखी संमती दिलेली आहे, असा निर्णय झाला. तो कायद्याला धरून होता, हे मला मान्य करावे लागते. आपला कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून ओळखतो तो निर्मात्याला. जो तो चित्रपट उभा करतो त्याला नाही. ज्या कायद्याखाली एका माणसाची पाठ दुसऱ्याच्या नावावर चढवता येते, त्या कायद्यावर माझा राग आजही तसाच आहे.

निकालाच्या दिवशी दिग्दर्शक न्यायालयाच्या आवारात कडुनिंबाखाली उभे होते. साक्ष द्यायला ते मुंबईहून आले होते, पण त्यांची साक्ष अप्रस्तुत ठरली होती. त्यांनी विचारले, "मग मी हे कुठं सांगू?"

मी म्हणालो, "कुठेही नाही. चित्रपटाविरुद्ध जाहीर बोलू नये असे तुमच्या करारात आहे. त्याच निर्मात्याकडे तुमचा पुढचा चित्रपट आहे. बोललात तर तो जाईल, आणि मुंबईत दुसरा कोणी तुम्हाला दारात उभे करणार नाही."

तो पुढचा चित्रपट त्यांचा सर्वांत मोठा होता. सहा वर्षे ते त्याची कथा घडवीत होते, हे मला ठाऊक होते.

"सुकरूशी झालेला माझा करार कुठं नोंदलेला आहे?"

"कोठेही नाही."

"मग तो मोडला तर त्याला दाद मागायला जागाच नाही," ते म्हणाले. "तो मलाच पाळावा लागेल."

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. रुखमाचे लग्न जेथे अडले होते त्या गावच्या मंडईला ते गेले. जाऊ नका असे सांगूनही मी सोबत होतो. दुपारची वेळ; दंडारीचा, आपल्याकडच्या लोकनाट्याचा, एक डाव संपला होता. त्यांनी पंचांकडे ध्वनिक्षेपक मागितला. मुंबईचा मोठा माणूस गावाचे कौतुक करणार, असे समजून पंचांनी तो आनंदाने दिला.

"मी थो सिनेमा बनवला," ते म्हणाले. "मालगुजाराले त्याच्या भावानं मारलं. डोंगा काठाले लागते, तितवरच सिनेमा माहा आहे. मंगचं रीळ माहं नोहोय."

गर्दीतून एकजण ओरडला, "मंग पडद्यावर दुसरंच कायले दाखोलं जी?"

"हिरोले खुनी व्हायची लाज वाटली."

लोक हसले. मग समोर बसलेली एक म्हातारी, हसू थांबल्यावर, म्हणाली, "तं मंग सुकरूनं का केलं?"

"डोंगा वल्हवला, माय. दुसरं काही केलं नाही."

ते खाली उतरले.  मी त्यांना पाण्याचा पेला दिला. मुलाचे आजोबा बाकावर बसले होते. त्यांनी दिग्दर्शकांना शेजारी जागा करून दिली आणि बराच वेळ धानाविषयी बोलले, चित्रपटाविषयी चकार शब्द काढला नाही. उठताना म्हणाले, "सुकरूले म्हना, मागच्या वेळी येनार होतो थे माघात येतो."

निर्मात्याची नोटीस पंधरवड्यात आली. पुढचा चित्रपट दुसऱ्याला दिला गेला आणि त्यांच्या कथेवर दुसऱ्याचे नाव लागले. मी लढायला तयार होतो, मसुदाही लिहिला होता. त्यांनी वाचला, भाषा चांगली आहे म्हणाले आणि परत केला. रुखमाच्या लग्नात ते पंगतीत भात वाढत होते. त्यानंतर ते आसगावलाच राहिले, घरचे धान पाहत. मुंबईहून कोणी आले नाही. चित्रपटाचा विषय मी काढला तर ते पावसाचा काढीत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, धानाची रोवणी संपता संपता, ते वारले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात साकोलीला तंबू लागला आणि त्यात तोच चित्रपट आला. मी संध्याकाळच्या खेळाला गेलो. तंबू भरलेला होता. तळ्याकाठच्या गावांतून लोक बैलगाड्या करून आले होते. सगळे जिथे घाबरायचे तिथे घाबरले. मग पडद्यावर डोंगा काठाला लागला, भाऊ उतरला, सुकरूने त्याच्या तोंडाकडे पाहिले. बायांच्या बाजूला हालचाल सुरू झाली. एकीने पोते झटकले, दुसरीने निजलेले पोर खांद्यावर घेतले. पुरुषही उठले. कोणी ओरडले नाही, शिट्टी वाजली नाही. यंत्रावरचा नवा माणूस गोंधळून म्हणाला, "अजून एक रीळ बाकी आहे हो."

"राहू दे बावा," कोणीतरी म्हणाले.

दाराशी एका म्हातारीने मला बसलेले पाहिले आणि ती थांबली.

"चाला वकीलसाहेब," ती म्हणाली. "सिनेमा सरला."

मी उठलो. बाहेर गाड्या जुंपल्या जात होत्या. मागे तंबूत यंत्र चालूच होते, आणि पडद्यावरचा तो पाठमोरा माणूस रिकाम्या पोत्यांसमोर वाड्यात शिरत होता.