अंजनाची रोपं

आटपाडीच्या माळावर अंजनाची डाळिंबाची रोपवाटिका होती. नवरा ज्ञानू फौजेत, वर्षातून एकदा रजेवर यायचा. त्याच्या वाट्याच्या खडकाळ तुकड्यात तिनं झाडं जगवली आणि त्यांच्याच फांद्यांवर गुट्या बांधायला शिकली. फांदीची साल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक बांधायचं. मुळं फुटली की फांदी तोडून पिशवीत लावायची. शेतीच्या एका साप्ताहिकात तिनं जाहिरात दिली, तशी जत, नगर, पार गुजरातेतून मागणी यायला लागली.

१९९९ च्या मे महिन्यात तिनं आजवरची सगळ्यांत मोठी खेप सांगलीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत पोचवली. त्या खेपेसाठी फांद्या तोडून झाडं पार बोडकी केली होती. कंपनीनं नुकताच कॉम्प्युटर बसवला होता. हाताच्या पावत्या बंद. छापील नंबराशिवाय एकही खोकं गाडीत चढवायचं नाही, असा पुण्याहून हुकूम.

आठवड्यानं शेजारच्या दुकानात जतच्या गुंडा नावाच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"अक्का, खड्डे काढून बसलोय. रोपं कुठं हाईत?"

अंजनानं मिळेल ती एसटी पकडली. सांगलीत काउंटरसमोर गर्दी उसळली होती आणि कारकून सुमंत कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यासमोर बसून होता.

"मशीन बंद पडलंय, बाई. सगळ्या नोंदी आत अडकल्यात. पुण्याचा माणूस येणार आहे."

"कवा?"

"आज. काल पण आजच म्हणाला होता."

"आवं, मग हातानं लिवा की! कुणाचं खोकं कुठं जायचं, मी सांगते."

"नंबराशिवाय माल सोडला तर माझी नोकरी जाईल."

"मग माझा मला माघारी द्या."

"तोही नंबराशिवाय देता येत नाही हो."

ती मागं गोदामाकडं गेली. पत्र्याचं छत, आत भट्टीसारखी धग. शटरच्या फटीतून तिला आपली खोकी दिसली, वर कुणाचे तरी कापडाचे गठ्ठे रचलेले. ती पुन्हा सुमंतपुढं येऊन उभी राहिली.

"निदान पाणी तरी घालू द्या. जीव हाय त्यात."

सुमंतनं खाली बघतच हमालाला, ज्योतिबाला, खूण केली. ज्योतिबानं शटर उचललं, गठ्ठे बाजूला केले, नळावरनं बादल्या आणून दिल्या. पिशव्यांतली माती राखेसारखी झाली होती, पानं वळली होती, पण नखानं खरवडलं की खोड अजून हिरवं लागत होतं.

संध्याकाळी पुण्याचा माणूस आला आणि मशीन चालू झालं. चिठ्ठ्या छापल्या, चिकटवल्या. अंजनानं स्वतः हात लावून खोकी गाडीत चढवली आणि हलक्या मनानं घरी गेली.

पण चालू होताना मशीननं नंबरांची सरमिसळ केली होती. जतची खोकी नगरला गेली, गुजरातची सोलापुरात एका कापडाच्या दुकानात. ती सापडेपर्यंत आत नुसत्या काटक्या उरल्या होत्या. जिवंत मालाची जबाबदारी कंपनी घेत नाही, एवढंच तिला ऐकवण्यात आलं. गिऱ्हाइकं फोनवर तिलाच लबाड म्हणाली.

गुंडा मात्र स्वतः आला. "माझं खड्डं उघडंच हाईत, अक्का."

अंजनानं घरच्या बागेसाठी राखलेली रोपं उपसून त्याच्या टेम्पोत भरली. म्हातारा टेम्पो घेऊन निघून गेला.

बोडक्या झाडांना त्या साली फळ धरलं नाही. पुन्हा जाहिरात दिली, तर एकही मागणी आली नाही. दिवाळीला ज्ञानू रजेवर आला. रिकाम्या पिशव्यांचा ढीग बघून आणि झालेलं ऐकून तो भडकला.

"त्या कारकुनाला बघतोच मी!"

"त्याला काय बघताय? त्यालाबी काढलं. माल नंबरावाचून उघडू दिला म्हणून."

ज्ञानू दाराशीच बसून राहिला. रजा संपल्यावर तो गेला, आणि अंजना दिघंचीच्या एका मोठ्या रोपवाटिकेत रोजानं जायला लागली. गुट्या बांधण्यात तिचा हात कुणी धरत नाही. दुपारी बाकीच्या बायका सावलीला गप्पा मारत बसतात, ती बांधावर एकटीच भाकरी खाते.