गप्प बसायचं काम

माझ्या दादाला रिफिल संपलेलं पेनसुद्धा टाकवत नाही. अशा माणसाला हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाने सफाईला बसवलं, यातच सगळं आलं.

डॉक्टर पेशंटची नोंद एक्सएमएल नावाच्या रकान्यांच्या साच्यात भरतात. त्या नोंदीचं पेशंटला वाचता येईल असं पत्र करते ती एक्सएसएलटी स्टाइलशीट. नोंदीतल्या प्रत्येक रकान्यासाठी तिच्यात एक नियम असतो, त्याला म्हणतात टेम्प्लेट. बारा वर्षं येईल त्याने आपली भर घातली आणि अकरा हजार ओळींचं ते गबाळ दादाच्या गळ्यात पडलं. "वापरात नाही ते काढून टाका," साहेब म्हणाले. वापरात काय नाही, हे सांगायला मात्र जुनं कुणी उरलं नव्हतं.

दादाने मान मोडून काम केलं. दोनशे जुन्या नोंदी चालवल्या, एकदाही न लागलेली टेम्प्लेटं वेगळी काढली, एकेक उडवून पत्रं पुन्हा ताडून पाहिली. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "काय रे, आज किती ओळी गेल्या?" आकडा ऐकून असे खूश व्हायचे, जणू स्वतःच झाडू मारलाय. एक टेम्प्लेट तर रिकामंच निघालं. रकान्याचं नाव होतं, आत काही नाही. आम्ही त्यावर पोटभर हसलो. तेही गेलं.

त्याच सुमाराला बाबांना त्याच हॉस्पिटलात दाखवत होतो. काय निघालं ते डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावून सांगितलं. बाबांना कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. त्यासाठी मी महिनाभर खोटं हसत होते.

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलचं पत्र आलं आणि बाबांनीच ते फोडलं. तळाशी, मथळ्याशिवाय, एक ओळ होती: "गाठ यकृतापर्यंत पोचली आहे. सहा महिने धरावेत. मुलांच्या विनंतीवरून रुग्णास सांगितलेले नाही."

दादा ऑफिसला निघत होता. त्याने पत्र वाचलं. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "ते रिकामं टेम्प्लेट या रकान्याचं होतं गं, पेशंटला न सांगायच्या नोंदीच्या. गप्प बसायचं हेच त्याचं काम. नियमच नसला की मजकूर जसाच्या तसा छापला जातो." त्या दोनशे नोंदींत हा रकाना कुणी भरलेलाच नव्हता.

मला त्याचा भयंकर राग आला. पण बोलून तरी काय होणार होतं? बाबांनी वाचलं होतं.

संध्याकाळी दादा दारात चपला काढत होता, तेव्हा त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय रे, आज किती ओळी गेल्या?"

दादा खाली बघत म्हणाला, "नाही बाबा. आज एक परत घातली."

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या घरी असं पत्र जायला नको."