कोणत्या गावचा स्टेडियन?

दिग्रसच्या जिनिंगमधला तो ग्रेडर चिमटीत कापूस ओढून तंतूची लांबी मिलिमीटरमध्ये अचूक सांगे. मी विज्ञानशिक्षक. वाचनालयात बसून प्राचीन ग्रीक मापांचा मीटरमध्ये तक्ता करत होतो. एक स्टेडियन म्हणजे एकशे पंच्याऐंशी मीटर, असं मी लिहिलं.

"कोणत्या गावचा, सर?" शेजारून तो म्हणाला. "सहाशे फुटांचा स्टेडियन, पण गावागावचा फूट येगळा. ऑलिम्पियाचा एकशे ब्याण्णव भरते."

कापसाची मंदी होती, जिनिंग बंद पडत आली होती. तरी महिनाभर बसून त्यानं गाववार तक्ता पुरा केला. मी तो माझ्या नावानं छापला.

माझ्या सत्काराला तो पहिल्या रांगेत होता. मी नजर चुकवली, तेव्हा म्हणाला, "नाव कायले पाह्यजे, सर? माप बराबर हाय ना."

बरोबरच होतं. त्यातला एकही आकडा आजवर कुणाला खोडता आलेला नाही. तो तक्ता त्याचा आहे.